दगडोबांचं मुखपृष्ठ

यवतला महामार्गाला लागून मल्हारी देवकातेचं फ्लेक्सचं दुकान आहे. पुढच्या काउंटरवर त्याची बायको सविता झेरॉक्स आणि लॅमिनेशन बघते. मागं पत्र्याच्या पार्टिशनआड मल्हारी कॉम्प्युटरपुढं बसलेला असतो. बसून बसून त्याची मान एका अंगाला धरली आहे. डोळ्यांत थेंब घालायचे, थोडा वेळ मिटून धरायचे आणि पुन्हा कामाला लागायचं, यातलं काहीच आता त्याला वेगळं वाटत नाही.

वाढदिवस, निवड, बारसं, दहावा, दुकानाचं उद्घाटन. प्रत्येक फ्लेक्सचे नियम त्याला पाठ. मोठ्या साहेबांचं तोंड सगळ्यात वर, त्याखाली तालुक्याचे, त्याखाली गावचे. ज्याचं वजन जास्त त्याचं तोंड मोठं. शुभेच्छुकांचे फोटो एकसारखे गोल, आणि त्यातला एक जरी राहिला तर संध्याकाळी भांडण ठरलेलं. वाढदिवसाला भगवा रंग, मागं उजेडाचे झोत, आणि माणूस आपल्याच अंगावर चालत आल्यासारखा. गेलेल्या माणसाला काळा-पांढरा फोटो, खाली समई. कुठं तळहाताएवढी जागा सुटली की गिऱ्हाईक म्हणणार, "हितं काय तरी टाका की, रिकामं दिसतंय." मल्हारी टाकायचा. वाद घालण्याचं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं.

त्याची सुरुवात मात्र वेगळी झाली होती. कासुर्डीच्या धनगरवाड्यातला हा मुलगा तरुणपणी पुण्याला गेला आणि नारायण पेठेत एका संगीत मासिकाच्या ऑफिसात अक्षरजुळणीला लागला. तिथं त्यानं पहिल्यांदा पाहिलं की आख्ख्या पानावर एकच फोटो ठेवता येतो. डोळे मिटून गाणारी बाई, काळी-पांढरी, आणि भोवती नुसता कागद. मजकुराचे दोन रकाने, त्यांच्यामधला पट्टा, बाजूचा समास, या सगळ्याला तिथं मान होता. तिथले संपादक म्हणायचे, "समास हा पानाचा श्वास आहे, त्यात जाहिरात घुसवायची नाही." मल्हारीला हे वाक्य फार आवडायचं. पुढं ते मासिकच बंद पडलं. संपादकांनी टेबल-खुर्च्या विकल्या आणि मल्हारी गावाकडं आला. लग्न झालं, दुकान टाकलं, मान धरली.

गेल्या वर्षी यात्रांचा हंगाम जवळ आला असताना पृथ्वीराज दुकानात आला. पृथ्वीराज पस्तिशीतला, घरचा ऊस, सोसायटीत संचालक, आणि स्वतःची बँजो पार्टी. तालुक्यातल्या वाजवणाऱ्यांची त्यानं एक संघटना केली होती.

"मल्हारीभाऊ, आपल्याला मासिक काढायचंय," तो खुर्ची ओढत म्हणाला.

"कशाचं?"

"वाजवणाऱ्यांचं. बँड, बँजो, हलगी, सनई, भजनी मंडळं, धनगरांचा गजी ढोल, सगळ्यांचं. पार शिरूरपसून दौंडपत्तूर. कुणाला सुपारी द्यायची तर नाव, नंबर एका जागी घावलं पायजे. आन् जरा माहितीबी असू द्या, कोण काय वाजवतंय ती."

मल्हारीनं माऊसवरचा हात काढला. इतक्या वर्षांत या खोलीत कुणी मासिक हा शब्द उच्चारला नव्हता.

नावावरूनच पहिली ओढाताण झाली. मल्हारीनं सुचवलं, 'ठेका'. पृथ्वीराज हसायला लागला. "अहो, ठेका म्हणल्यावर लोकांना टेंडर वाटंल. ग्रामपंचायतीचं मासिक हाय का काय म्हनतील." पण दुसरं नाव कुणालाच सुचलं नाही आणि ठेकाच राहिलं. मुखपृष्ठावर कोण, हे विचारल्यावर पृथ्वीराजनं मान खाजवली. "वरनं साहेबांची लाईन घ्या, मधी संघटनेचा लोगो, खाली आम्ही कार्यकारिणी."

"तो फ्लेक्स झाला, दादा. मासिकावर वाजवणारा माणूस पायजे."

"कोण मग?"

"राहूचे दगडोबा आबा."

दगडोबांचं नाव काढल्यावर नाही म्हणणं अवघड होतं. पंचाहत्तरी गाठलेला हा माणूस बिरोबाच्या यात्रेत ढोल गळ्यात अडकवून उभा राहिला की रुमाल घेऊन नाचणारी पोरं आपोआप गोलात यायची. कार्यकारिणीचं आत बघू, असं म्हणून पृथ्वीराज उठला.

दोन-तीन दिवसांनी मल्हारी मोटारसायकलवर राहूला गेला. उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना धुरळ्यानं त्याचे डोळे चुरचुरत होते. दगडोबांचं घर गावाबाहेर मळ्यात होतं. शेजारीच त्यांच्या धाकट्या भावाचं, भैरूचं घर, आणि मध्ये सिमेंटच्या विटांची भिंत. भैरू एके काळी त्यांच्याबरोबर झांज वाजवायचा. मग त्यानं पोरांच्या नादानं बँजोची गाडी घेतली, झांज सोडली, आणि एका यात्रेत दोघांचा आवाज एकमेकांवर आला तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

दगडोबांची बायको धुरपदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "फोटू काढायचाय व्हय? थांबा, मग त्यांना नवा पटका बांधू द्या."

"आहे त्यातच चांगले दिसत्यात, मावशी."

दगडोबांनी ढोल काढला. उजव्या हातात काठी, डाव्या हाताचा पंजा कातड्यावर. मल्हारीनं त्यांना वाजवायला सांगितलं आणि फोटो काढत राहिला. वाजवता वाजवता दगडोबा मध्येच थांबायचे. डोळे मिटायचे, मान किंचित वळवायचे, आणि मग पुढची थाप यायची.

"आबा, मधी थांबता ते का?"

"थांबल्याबिगर नाचणाऱ्याला पाय उचलायला सवड कुठं?" दगडोबा म्हणाले. "सारखं बडवत ऱ्हायलं की ती मळणी झाली."

त्या थांबण्यातलाच एक फोटो मल्हारीनं निवडला. डोळे मिटलेले, काठी हवेत. पाठीमागं एक निळं पिंप आणि खताच्या कंपनीची भिंतीवर रंगवलेली जाहिरात आली होती. कॉम्प्युटरवर त्यानं रंग काढून टाकले तेव्हा ते पिंप आणि ती जाहिरात अंधारात गेल्यासारखी झाली आणि उरला नुसता दगडोबांचा चेहरा, सुरकुत्यांसकट. वर 'ठेका', कारण मासिकाचं नाव वरच असलं पाहिजे, दुकानात रचलेल्या अंकांचा वरचाच भाग दिसतो. खाली एका ओळीत 'दगडोबा कोकरे'. त्याच्याखाली बारीक अक्षरात 'थांबलेल्या ठेक्याची गोष्ट'. बाकी काही नाही. बॉर्डर नाही, झोत नाही, साहेब नाहीत.

आतल्या पानांवरही त्यानं मनासारखं केलं. अनुक्रमणिका, रकाने, पानांचे आकडे सगळं रीतसर ठेवलं, नाहीतर वाचणाऱ्याला काही सापडलं नसतं. फक्त मधल्या जोडपानावर ढोलाचे बोल मोठ्या-लहान अक्षरांत पसरले आणि थांबायच्या जागी जवळजवळ अर्धं पान कोरं सोडलं. मान दुखत होती, पण पुष्कळ दिवसांनी दुखणं विसरून तो काम करत होता.

सविता चहा घेऊन आत आली. स्क्रीनकडं बघून तिनं विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी न्हाई. मासिकाचं कव्हर हाय."

"मला वाटलं दहाव्याचा फ्लेक्स."

"फ्लेक्स आन् मासिक एक असतंय व्हय?" तो थोडा चिडूनच म्हणाला. सविता कप ठेवून वळली. बाहेर गिऱ्हाईक आलं होतं.

त्यानं मुखपृष्ठ पृथ्वीराजला मोबाईलवर पाठवलं. पृथ्वीराजला ते एकदम आवडलं. "पुण्याच्या तोडीचं झालंय," असं त्यानं कळवलं आणि उत्साहाच्या भरात स्वतःच्या स्टेटसला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून झाडलोट होते न होते तोच राहूच्या तरुण मंडळाचा एक माणूस घाईघाईनं आत आला.

"भाऊ, अर्जंट फ्लेक्स पायजे. भावपूर्ण श्रद्धांजलीचा. दुपारच्या आत चौकात लागला पायजे."

"कोण गेलं?" मल्हारीनं नवी फाईल उघडत विचारलं.

"दगडोबा आबा."

मल्हारीचा हात जागीच राहिला. चार दिवसांमागं त्यांनी आपल्या हातानं ढोल खुंटीला लावला होता. आपण काढलेला फोटो शेवटचा ठरला, हा विचार त्याच्या मनात आला. "कवा? काय झालं?"

"झोपंतच म्हनं. समद्या ग्रुपवर आलंय." त्या माणसानं मोबाईल पुढं केला. "ह्योच फोटू वापरा, चांगला हाय."

मोबाईलवर मल्हारीचं मुखपृष्ठ होतं. कुणी तरी वरचा 'ठेका' कापून टाकला होता. काळा-पांढरा चेहरा, मिटलेले डोळे, नाव, आणि त्याखाली थांबलेल्या ठेक्याची गोष्ट. खाली हात जोडल्याची चिन्हं एकाखाली एक चालली होती.

मल्हारीनं मोबाईल हातात घेतला. हजारो लोकांना त्यानं स्वतःच्या हातानं असा फोटो वाचायला शिकवलं होतं. वर्षानुवर्षं यवतच्या, राहूच्या, केडगावच्या चौकांत काळा-पांढरा माणूस म्हणजे गेलेला माणूस, हे त्यानंच टांगलं होतं. नारायण पेठेत तोच काळा-पांढरा रंग मोठ्या कलाकाराचा होता. इथं तो दहाव्याचा होता, आणि हे बायकोला बघताक्षणी कळलं होतं.

"आबा जित्तं हायेत," तो त्या माणसाला म्हणाला. "चूक माझी हाय." त्यानं दुकान सविताच्या हवाली केलं आणि मोटारसायकल काढली.

मळ्यात पोचला तेव्हा अंगणात पंचवीस-तीस माणसं बसलेली. आंब्याखाली मोटारसायकली लागल्या होत्या. आणि मधोमध बाजेवर दगडोबा बसून चहा पीत होते. येणाऱ्याला बसा म्हणत होते. आलेली माणसं रडायच्या तयारीनं आली होती. ते रडू आता कुठं ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. काही हसत होती, काहींना हसायची लाज वाटत होती. चाकणला दिलेली दगडोबांची लेक वाटेतच होती. फोनवर तिला बापाचा आवाज ऐकवला तरी तिचा विश्वास बसला नव्हता.

धुरपदाबाई मल्हारीला बघून उठल्या. "आलास व्हय रं? पहाटं शेजारच्या मळ्यातली बाई माझ्या गळ्यात पडून रडाया लागली. हे गोठ्यात हायती, मला ठाव हाय, तरीबी पळत गेले गोठ्यात. हात लावून बघितला यांना."

"चुकलं, मावशी."

"पांढरा का केलास त्यांचा फोटू? एवढा चांगला पटका दिसत हुता त्यात."

मल्हारीला सांगायला पुष्कळ होतं. पुण्यातल्या मासिकाचं, चेहऱ्यावरच्या उजेडाचं, मागच्या निळ्या पिंपाचं. तो बाजेच्या कडेला बसला.

दगडोबांनी बशी खाली ठेवली. "भैरू आलता," ते हळू आवाजात म्हणाले.

"भैरू आप्पा?"

"व्हय. भिंतीच्या कडंनं चालत. उघड्या डोक्यानं. हितवर आला आन् मला बशीतनं पिताना बघितलं. तसाच हुभा ऱ्हायला. मंग म्हनला, बरा हाईस नव्हं? मी म्हनलं, बरा हाय. गेला."

"आणि काही बोलले न्हाईत?"

"काय बोलायचं? तेवढं बोलायलाच बारा वर्सं लागली त्याला." दगडोबांनी तोंडावरून हात फिरवला. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. थकल्यासारखे दिसले. "सकाळपसून बसलोय रं हितं. माणूस आलं की उठून दाखवायचं, मी हाय म्हनून. पाठ लागली दुखाया."

मल्हारी निघाला तेव्हा धुरपदाबाई फाटकापर्यंत आल्या. "मासिक काढ तू. न्हाई म्हनत न्हाई. पण माझ्या माणसाला रंगात ठेव."

परत येऊन त्यानं जुनी फाईल उघडली. पृथ्वीराज तोवर दुकानात येऊन बसला होता. त्याला दिवसभर फोन आले होते आणि तो घाबरला होता. "मी काय म्हनतो, मोबाईलवर रंग भरायचं अॅप हाय. पटका भगवा करू, मागं देऊळ टाकू, झोत सोडू. आन् वरनं साहेबांची लाईन घ्या आता, म्हंजी कुणाला शंका येणार न्हाई." त्यानं तिथंच बसून करून दाखवलं. दगडोबांचे गाल गुलाबी झाले, ओठ लिपस्टिक लावल्यासारखे. पृथ्वीराजनं स्वतःच ते खोडलं.

मल्हारीनं त्या दिवशीच्या फोटोंतला दुसरा एक उघडला. त्यात दगडोबा डोळे उघडून थेट बघत होते, थाप पडण्याच्या आतला क्षण. गुलाबी फिका पडलेला पटका, कपाळावर भंडारा, ढोलाच्या दोऱ्या मळकट, आणि मागं ते निळं पिंप, खताची जाहिरात, सगळं होतं तसं. त्यानं काहीच पुसलं नाही. डोळे वाचणाऱ्याकडं असावेत ही मुखपृष्ठाची नेहमीची रीत त्यानं ठेवली, त्याला आता ती मोडायची नव्हती. पण जाहिरातीच्या पिवळ्या भिंतीपुढं आणि पिंपाशेजारी उभा असलेला माणूस मासिकावर घ्यायचा, ही रीत त्याला कुणी शिकवली नव्हती. खालची ओळ बदलून त्यानं नुसतं 'राहू' लिहिलं.

"साहेबांची लाईन?" पृथ्वीराजनं विचारलं.

"न्हाई टाकत, दादा. दहा साहेब वर ठेवले की आबांचा ढोल खाली कापला जातोय. मागच्या पानावर समद्यांची नावं घेतो, अ पसून. साहेब, कार्यकारिणी, वाजवणारे, सगळे त्यातच."

"म्हंजी आमदार साहेबांच्या वर अनिल बँजोवाला?"

"अ आधी येतो."

पृथ्वीराज बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिला. सकाळी मेलेल्या आणि दुपारी जिवंत झालेल्या माणसामुळं त्याचीही ताकद गेली होती. "फोटू नका टाकू साहेबांचा, पण नावामागं मा. लावा," एवढंच म्हणून तो उठला. मल्हारीनं मा. लावलं. मग सगळ्यांच्याच नावामागं लावलं, अनिल बँजोवाल्याच्याही.

अंक छापून आला तो यात्रांच्या तोंडावर. गठ्ठा सोडून मल्हारीनं पहिली प्रत हातात घेतली, मुखपृष्ठावरून अंगठा फिरवला आणि मधलं जोडपान उघडलं. ढोलाचे बोल होते. पण थांबायच्या कोऱ्या जागेत छापखान्यानं एका मंगल कार्यालयाची जाहिरात बसवली होती. त्यानं फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "जागा रिकामी राहिली होती, आम्हाला वाटलं तुमचं टाकायचं राहून गेलं. शितोळेंच्या कार्यालयाची जाहिरात एक्स्ट्रा होती, फुकटात लावून दिली." उपकार केल्यासारखा तो बोलत होता. मल्हारीनं बरं म्हणून फोन ठेवला.

प्रकाशनाचा कार्यक्रम झाला. लोकांनी अंक घेतला तो मागच्या बाजूनं. आधी नावांचं पान, त्यात आपलं नाव, मग बाकीचं. एका भजनी मंडळानं तक्रार केली की त्यांचं नाव 'ह' मध्ये असल्यानं शेवटी गेलं. आमदार साहेबांच्या माणसानं पान उलटून पाहिलं, मा. आहे हे बघितलं आणि अंक घडी करून खिशात घातला. मुखपृष्ठाबद्दल कुणी फार बोललं नाही. पण बऱ्याच जणांनी ते हातात धरून दगडोबांकडं आणि परत अंकाकडं बघितलं. दगडोबा पहिल्या रांगेत बसले होते, नव्या पटक्यात. धुरपदाबाईंनी दोन प्रती मागून घेतल्या.

"दोन कशाला, मावशी?" मल्हारीनं विचारलं.

"एक भिंतीपल्याड टाकीन," त्या म्हणाल्या. "बघंल न्हाई तर ऱ्हाऊ दे."

पुढं काय झालं ते मल्हारीला कळलं नाही. राहूहून येणाऱ्या माणसांना त्यानं एकदोनदा विचारलं. भैरूची बँजोची गाडी अजून चालू आहे आणि दगडोबा अजून बिरोबाला ढोल वाजवतात, इतकंच समजलं. पृथ्वीराज पुढच्या अंकाविषयी दिवाळीपर्यंत बोलत होता. मग कारखान्याची निवडणूक लागली आणि ते बोलणं थांबलं.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दोन वाढदिवस आणि एक दहावा असं काम आलेलं होतं. मल्हारीनं दहाव्याचा फोटो उघडला. कुणी तरी म्हातारी, हिरव्या लुगड्यात, हातात कणीस धरलेली. त्यानं रंग काढायला माऊस नेला आणि थांबला. काउंटरपाशी थांबलेल्या तिच्या मुलाला त्यानं बाहेर येऊन विचारलं, "आईचा फोटो रंगीतच ठेवला तर चालंल का?"

मुलानं मोबाईलमधून डोकं वर काढलं. "लोकांना कळंल का मग, गेली म्हणून?"

"खाली लिहिलेलं असंल की."

मुलानं मोबाईल खिशात ठेवला. "नको," तो म्हणाला. "करा तसाच. पावण्यांना लांबनं कळलं पायजे."

"बरं," मल्हारी म्हणाला आणि आत गेला. रंग काढले, समई ठेवली, फाईल मशिनला लावली. मग डोळ्यांत थेंब घालून तो खुर्चीतच मागं रेलला. सवितानं पार्टिशनआडून डोकावलं. तो झोपला होता. तोंड थोडं उघडं, मान धरलेल्या अंगाला कललेली. तिनं पंखा त्याच्याकडं वळवला आणि बाहेर आलेल्या गिऱ्हाईकाला ओठांवर बोट ठेवून खुणेनंच बसायला सांगितलं.